भूगर्भातली भेग तेल अडवते कधी आणि गळू देते कधी?

सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णाकाठच्या जमिनीत हळदीची पेवं आहेत. माणूस उतरेल एवढं तोंड, आत प्रशस्त पोट, आणि हळद भरून झाली की वरून माती लिंपून बंद. भोवतालची माती चिकण आणि दाट असल्यामुळे पाणी-हवा सहजी आत शिरत नाही, म्हणून आतली हळद टिकते. २००५च्या महापुरात मात्र बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. साठवण म्हणजे नुसता खड्डा नव्हे. खड्ड्याची भिंत आणि झाकण किती दाब सोसतं, त्यावर साठवण टिकते.

खनिज तेल आणि नैसर्गिक वायूची पेवं निसर्गानं जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर केलेली आहेत. फरक एवढाच की पेवाला बाहेरचं पाणी आत येण्याची भीती असते, तर इथे आतला माल वर पळण्याची. या पेवाची एक भिंत पुष्कळदा फॉल्टची असते. शाळेच्या भूगोलात ज्याला प्रस्तरभंग म्हणतात, तोच हा फॉल्ट: खडकाचे थर तुटून एक बाजू खचते किंवा वर सरकते, ती तुटीची जागा. कुठे फॉल्टनं कोट्यवधी वर्षं तेल अडवून धरलंय, आणि कुठे फॉल्टमुळेच सगळं तेल समुद्रात निघून गेलंय. हे कशावरून ठरतं, ते पाहू.

आधी तेल राहतं कसं ते

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल वाळूच्या दगडात, म्हणजे वालुकाश्मात किंवा चुनखडीत कणाकणांमधल्या फटींत असतं. चांगल्या वालुकाश्मात १०० घनमीटर दगडामागे २० ते २५ घनमीटर एवढी मोकळी जागा असते. त्या जागेत आधी खारं पाणी होतं. शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाडले जाऊन झालेला काळा, चिकण शेल खडक साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की त्यातून तेल सुटतं. त्याहून जास्त तापला की वायू. हे तेल शेजारच्या सच्छिद्र थरात शिरतं, आणि पाण्याहून हलकं असल्यामुळे पाण्याला बाजूला सारत वर चढायला लागतं. वर्षाला एक मिलिमीटर चढलं तरी दहा लाख वर्षांत एक किलोमीटर होतो. अडवणारं काही भेटलं नाही तर ते जमिनीवर येऊन उडून जातं किंवा डांबर होऊन पडतं. जगात तयार झालेल्या तेलातलं पुष्कळसं असंच गेलं आहे.

अडवतं कोण? वरचा बारीक कणांचा शेल किंवा मीठ. पण शेलमध्येही छिद्रं असतातच, मग तेल त्यातून का जात नाही? घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. मांजरपाटाचा कोरडा तुकडा तोंडासमोर ताणून फुंकर मारा, हवा आरपार जाते. तोच तुकडा पाण्यात बुडवून पुन्हा फुंका. आता हवा जात नाही. छिद्रं तेवढीच आहेत, पण प्रत्येक छिद्रात पाण्याचा पडदा बसलाय आणि तो फोडायला जोर लागतो. जोरात फुंकलं की एका ठिकाणाहून बुडबुडा येतो, आणि मग तिथून हवा जातच राहते. कापड जेवढं बारीक विणीचं, तेवढा जास्त जोर लागतो. खडकातही नेमकं हेच घडतं. ओल्या शेलच्या छिद्रात तेलाला शिरायला एक किमान दाब लागतो, आणि छिद्र जितकं अरुंद तितका तो दाब जास्त.

आकड्यांत मांडतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. खाऱ्या पाण्याची घनता १.०५ आणि तेलाची ०.८ धरली तर तेलाच्या दर १० मीटर उंचीमागे वर ढकलणारा दाब साधारण पाव बार येतो (बार हे दाब मोजायचं एकक). म्हणजे १०० मीटर उंच साठ्याच्या माथ्याशी अडीच बार, मोटारगाडीच्या टायरमधल्या हवेएवढा. वायूची घनता तिथल्या दाबाखाली ०.२च्या आसपास धरली तर दर १० मीटरला ०.८ बारहून थोडा जास्त, म्हणजे तेलाच्या तिपटीहून अधिक. आता अडवणारी बाजू. छिद्राची त्रिज्या १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असेल तर पाण्याचा पडदा सुमारे ०.६ बार सोसतो. तेवढ्यात साधारण २४ मीटर तेल उभं राहील. त्रिज्या दहापट कमी, ०.१ मायक्रॉन झाली की ६ बार, म्हणजे २४० मीटर. ०.०१ मायक्रॉन झाली तर २४०० मीटर, एवढा उंच साठा क्वचितच असतो.

म्हणून ‘फॉल्ट बंद आहे की उघडा’ असा प्रश्न अर्धवट आहे. खरा प्रश्न असा, की हा फॉल्ट किती मीटर तेल पेलेल? ३० मीटर पेलणारा फॉल्ट ३० मीटर तेल धरतो आणि त्यावरचं गळू देतो. तेच तेल नसून वायू असेल तर त्याला वर ढकलणारा जोर मोठा, म्हणून तोच फॉल्ट बहुधा कमी उंचीचाच साठा धरतो.

फॉल्टच्या पलीकडे काय आहे?

हा पहिला प्रश्न, आणि सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात. सातारा जिल्ह्यातल्या घाटात डोंगराच्या कापात एकावर एक थर दिसतात. तसे थर डोळ्यांसमोर आणा, पण काळ्या कातळाऐवजी वाळूचा दगड आणि शेल यांचे. वरून खाली क्रम असा: सर्वांत वर वाळूचा एक थर, त्याला वरची वाळू म्हणू. त्याखाली ८० मीटर जाडीचा शेल. हे आपलं झाकण. त्याखाली ३० मीटर वाळूचा दगड. हा साठ्याचा थर. आणि त्याखाली पुन्हा जाड शेल. हे सगळे थर एका दिशेला हळूहळू चढत जातात आणि चढाच्या टोकाला फॉल्ट त्यांना तोडतो. फॉल्टच्या पलीकडची बाजू खाली खचलेली. ती जेवढी खचली, त्याला ड्रिलिंगवरची माणसं थ्रो म्हणतात.

तेल थरातून चढत फॉल्टशी येऊन थांबतं. पुढे काय, ते थ्रोवर आहे. फॉल्टजवळच्या आपल्या बाजूला झाकणाच्या वरच्या कडेपासून खोली मोजू. झाकण ० ते ८० मीटर, साठ्याची वाळू ८० ते ११० मीटर.

थ्रो २० मीटर असेल तर पलीकडचं झाकण २० ते १०० मीटरवर आलं आणि पलीकडची साठ्याची वाळू १०० ते १३० वर. म्हणजे आपल्या वाळूचा वरचा २० मीटर भाग शेलसमोर आहे, पण १०० ते ११० हा खालचा भाग वाळूसमोर. तेल वरून खाली भरत येतं. २० मीटर भरलं की त्याचा तळ १०० मीटरवर टेकतो, आणि पुढचं तेल पलीकडच्या वाळूत निसटतं. फॉल्ट स्वतः काही अडवत नसेल तर इथे २० मीटरच तेल मिळेल, थर ३० मीटरचा असला तरी.

थ्रो ३० ते ८० मीटर असेल तर आपल्या सगळ्या वाळूसमोर पलीकडचं शेल येतं. थर पूर्ण भरू शकतो.

थ्रो ९० मीटर झाला की चित्र उलटतं. पलीकडचं झाकण ९० मीटरखाली गेलं, आणि वरची वाळू आता आपल्या साठ्याच्या वरच्या १० मीटरसमोर आली. गळतीची जागा थेट माथ्याशी. नकाशावर तरी इथे तेल शून्य.

आता यात एक अडचण मिसळा. कुठल्याही फॉल्टचा थ्रो सगळीकडे सारखा नसतो. मध्यावर तो सर्वांत जास्त असतो आणि दोन्ही टोकांकडे कमी होत शून्यावर येतो. म्हणजे वरच्या तिन्ही अवस्था एकाच फॉल्टच्या लांबीवर सापडू शकतात. मध्ये बंद, टोकाकडे उघडा. म्हणूनच एका छेदावरून निकाल देऊन चालत नाही. फॉल्टची अख्खी भिंत समोर धरून, तिच्यावर अलीकडचे आणि पलीकडचे थर दोन वेगवेगळ्या रंगांत रेखाटायचे, आणि वाळूवर वाळू कुठे येते ते तुकडे शोधायचे. त्यातला साठ्याच्या माथ्याच्या सर्वांत जवळचा तुकडा महत्त्वाचा, बाकीचे त्याच्यानंतर. या रेखाटनाला तेलक्षेत्रात अ‍ॅलन नकाशा म्हणतात. काम किचकट आहे, पण हे न करता विहीर खणणं म्हणजे बोअरवाल्याला शेतात कुठेही गाडी लाव म्हणण्यासारखं आहे.

भेगेत काय भरलंय?

नकाशा म्हणतो, वाळूसमोर वाळू आली म्हणजे गळणार. नेहमी तसं होत नाही, कारण फॉल्ट म्हणजे कागदावरची रेघ नव्हे. काही सेंटिमीटरपासून अनेक मीटरपर्यंत जाडीचा, चुरडलेल्या आणि माखलेल्या मालाचा तो पट्टा असतो.

पुरणपोळ्यांची चवड बोथट सुरीनं कापली की पुरण सुरीबरोबर खाली ओढलं जातं आणि कापाच्या सगळ्या अंगाला लागतं. शेलचंही असंच होतं. बाजू खचताना मऊ शेल फॉल्टमध्ये ओढला जातो आणि वाळूच्या तोंडावर चिकणमातीचा लेप बसतो. शेल जाड असेल आणि थ्रो माफक असेल तर लेप अखंड राहतो. थ्रो शेलच्या जाडीच्या चार-सात पटींहून जास्त झाला की लेप ताणून ताणून तुटण्याचा धोका वाढतो.

हा लेप मोजायचा एक व्यवहारी हिशोब आहे. फॉल्टवरच्या एका बिंदूसमोरून जेवढा खडक सरकत गेला, त्यात चिकणमाती किती टक्के होती, एवढंच काढायचं. वरचंच उदाहरण घेऊ. शेलमध्ये ७० टक्के चिकणमाती आणि वाळूच्या थरात १० टक्के धरू. थ्रो ९० असताना साठ्याच्या माथ्यासमोरून सरकून गेलं काय? वरच्या वाळूचे १० मीटर आणि झाकणाचा शेल ८० मीटर. चिकणमाती झाली ५६ अधिक १, म्हणजे ९० मीटरमध्ये ५७ मीटर, ६३ टक्के. आणि थ्रो २० असताना, जिथे वाळूवर वाळू आली होती तिथून काय सरकलं? फक्त वाळू. चिकणमाती १० टक्के.

अनुभवानं ठरलेली सीमा साधारण १५ ते २० टक्क्यांची आहे. त्याखाली लेपावर भरवसा ठेवता येत नाही. त्याच्यावर जितकं जावं तितका फॉल्ट जास्त दाब पेलतो. म्हणजे नकाशानं ज्याला ‘माथ्याशी गळका’ ठरवलं होतं तो ९० मीटरचा फॉल्ट बहुधा घट्ट निघेल, आणि किरकोळ वाटणारा २० मीटरचा फॉल्ट गळेल. मोठी भेग म्हणजे मोठी गळती, ही समजूत इथे पार उलटी पडते, आणि नवख्यांची पहिली चूकही बहुतेक याच जागी होते.

आणखी एक सावधगिरी. १५-२० टक्के हा आकडा म्हणजे सरकारी दाखला नव्हे. तो वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या मोजलेल्या दाबांवरून बांधलेला अंदाज आहे. ज्या भागात काम करायचं, तिथल्या आधीच्या विहिरींशी ताडून पाहिल्याशिवाय तो वापरणं धोक्याचं.

जिथे शेल नाहीच, नुसती स्वच्छ वाळू आहे, तिथे दुसरी गोष्ट घडते. शाळूच्या दाण्यांच्या राशीवर पाणी ओता, क्षणात खाली जाईल. तोच शाळू जात्यातून काढून त्याच्या पिठावर ओता, पाणी वरच थबकेल. फॉल्टच्या घर्षणात वाळूचे कण असेच दळले जातात. कण बारीक, फटी बारीक, आणि पाझर दहापट ते हजारपट कमी. पुढे तापमान ९०-१०० अंशांवर गेलं की ताज्या फुटलेल्या कणांवर गारेचं, म्हणजे क्वार्ट्झचं सिमेंट वेगानं चढतं आणि पट्टा आणखी घट्ट होतो. मात्र हे खोल गाडलेल्या दगडातच. उथळ, सुट्या वाळूत फॉल्ट झाला तर कण नुसते इकडचे तिकडे होतात, दळले जात नाहीत, आणि त्या फॉल्टमधून पाझर जवळजवळ पूर्वीसारखाच राहतो.

आडवा बंद, उभा उघडा

फॉल्टमधून आरपार जाणं एक आणि फॉल्टच्या अंगानं वर चढणं वेगळं. गाभ्यातला लेप आरपार वाट अडवतो. पण गाभ्याच्या दोन्ही बाजूंना काही मीटरपासून दहा-वीस मीटरपर्यंत तडकलेल्या खडकाचा पट्टा असतो, आणि कडक, ठिसूळ खडकात या तडा एकमेकींना जोडलेल्या राहतात. त्या वर नेणाऱ्या नळीचं काम करतात. घाट उतरून संगमेश्वरकडे गेलं की तुरळ, राजवाडी, आरवली इथे गरम पाण्याचे झरे आहेत. खोलवर तापलेलं पाणी अशाच तडांमधून वर येतं. खानापूर-आटपाडीकडच्या शेतकऱ्यांना याचीच दुसरी बाजू ठाऊक आहे. काळ्या कातळात एक बोअर चारशे फूट कोरडी जाते आणि शंभर पावलांवरच्या दुसरीला दीडशे फुटांवर पाणी लागतं, कारण तिनं तड गाठलेली असते.

शेल मऊ असला तर त्याच्यातल्या तडा स्वतःच मिटतात. मीठ तर त्याहून भरवशाचं. चुनखडी, ग्रॅनाइट, बेसाल्ट मात्र तडकले की तडकलेलेच राहतात, खनिज साचून बुजेपर्यंत.

फॉल्ट अजून हलतो का?

हा तिसरा प्रश्न कोयनेच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३, सुमारे १८० माणसं गेली. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, १९६२मध्ये भरायला लागला होता, आणि त्यानंतर भागात धक्के सुरू झाले होते. तेव्हापासून ५ आणि त्याहून मोठे धक्के वीसहून अधिक झाले आहेत. वारणेचा चांदोलीचा जलाशय भरल्यावर हालचाल दक्षिणेकडेही वाढली. पावसाळ्यात धरण भरल्यावर आणि पुढे पाणी उतरताना धक्क्यांची संख्या वाढते, हे नोंदींत दिसतं.

त्यामागचं कारण आणि तेल गळण्याचं कारण एकच आहे. फॉल्टच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि त्या घर्षणानंच जागी राहतात. दाबाच्या साधारण ०.६ पट जोर सरकवायला लागला की त्या सरकतात. पण फटीतलं पाणी दोन्ही बाजूंना आतून दूर ढकलत असतं. दोन किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचं ओझं सुमारे ४५० बार, फटीतल्या पाण्याचा दाब सुमारे २००. उरले २५०, आणि घर्षणाला कामी येतो तो हा उरलेलाच. पाण्याचा दाब वाढला की तो तेवढाच घटतो. १०० मीटर खोल जलाशय तळाशी १० बार दाब देतो. जो फॉल्ट आधीच सरकण्याच्या काठावर आहे, त्याला एवढंही पुरतं.

आता हेच तेलाला लावा. ४०० मीटर उंच तेलाचा साठा किंवा १२० मीटर उंच वायूचा साठा आपल्या माथ्याशी तेवढाच, १० बार जादा दाब देतो. फॉल्ट काठावर असेल तर साठा स्वतःच आपली भिंत हलवतो. सरकताच तडा उघडतात, माल वर निसटतो, दाब उतरतो, तडा पुन्हा मिटतात, पुन्हा भरणं सुरू. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं हे चक्र लाखो वर्षं चालू शकतं. अशा सापळ्यात तेल असतं, पण कधी पूर्ण भरलेलं नसतं.

काही ठिकाणी हालचाल उशिरा आली आणि घात झाला. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला तिमोर समुद्रात कितीतरी सापळे पूर्वी तेलानं भरले होते. भूगर्भशास्त्राच्या मानानं अलीकडे तिथले जुने फॉल्ट पुन्हा जागे झाले आणि तेल गळून गेलं. विहिरीतल्या दगडावर तेलाचे डाग सापडतात, पण उपसण्याजोगं तेल नाही. विहीर खणणाऱ्यासाठी याहून जिवाला लागणारं काही नाही, कारण खडक, झाकण, सापळा सगळं बरोबर असतं, फक्त काळ चुकलेला असतो. म्हणून फॉल्ट कुठे आहे याबरोबर तो शेवटचा कधी हलला आणि आज जमिनीतला ताण कुठल्या दिशेनं आहे, हे विचारलंच पाहिजे. ताणाच्या दिशेशी ठरावीक कोन करून उभे असलेले फॉल्ट सर्वांत आधी सरकतात; त्याच क्षेत्रात दुसऱ्या दिशेचे फॉल्ट शांत आणि घट्ट असू शकतात.

फॉल्टनं पोसलेली क्षेत्रं

राजस्थानात बाडमेरजवळ २००४मध्ये सापडलेलं मंगला हे साधं, स्वच्छ उदाहरण. खडकाचा मोठा ठोकळा फॉल्टवर कलला आणि त्याच्या वर उचललेल्या काठाशी वालुकाश्मात तेल साठलं. उत्तर समुद्रातलं १९७१चं ब्रेंट क्षेत्रही याच घडणीचं. आसामात दिग्बोई वेगळ्या जातीचं. तिथे दाबामुळे एक बाजू दुसरीवर चढली आणि त्या ढकलाच्या फॉल्टवर थर घडी पडून वाकले. गुजरातेत खंभातचं खोरं दोन्ही बाजूंच्या फॉल्टांमध्ये खचत गेलं. खचलेल्या खोलगटात गाळ साचला, गाळातून शेल झाला, शेलमधून तेल. इथे फॉल्टनं सापळा तर दिलाच, पण त्याआधी तेल शिजायची कढईही दिली.

जे नकाशावर दिसत नाही

भूकंपलहरींचं सर्वेक्षण म्हणजे वरून धक्का द्यायचा आणि थरांवरून परतलेला आवाज टिपायचा. दोन-तीन किलोमीटरवर लहरींचा वेग सेकंदाला ३००० मीटर आणि कंपनं सेकंदाला ३० धरली तर एक लहर १०० मीटरची होते. तिच्या चौथाईहून, म्हणजे २५ मीटरहून लहान तुटी नीट दिसत नाहीत. आपल्या उदाहरणातला २० मीटरचा फॉल्ट आठवा. तो नकाशावर नसेलच.

तो कळतो विहिरीत. एकाच थरात दोन विहिरींत तेलाखालच्या पाण्याची पातळी वेगवेगळ्या खोलीवर लागली, तर मध्ये काहीतरी अडवणारं आहे. दाब मोजून हे पक्कं करतात. पाण्याच्या भागात खोलीबरोबर दाब दर १० मीटरला साधारण १ बार वाढतो, तेलाच्या भागात ०.८ बार. दोन विहिरींच्या मोजमापांच्या रेषा एकमेकींवर बसल्या तर साठा जोडलेला आहे. समांतर पण बाजूला सरकलेल्या आल्या तर तुटलेला.

इथे काळाचा फरक विसरून चालत नाही. जो फॉल्ट दहा लाख वर्षांत गळका आहे, तो उपशाच्या वीस वर्षांत जवळजवळ बंद भिंत ठरू शकतो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना दाब सारखा, म्हणून सगळे समजतात साठा एकच आहे. एका बाजूला उपसा सुरू झाला की तिचा दाब झपाट्यानं उतरतो आणि पलीकडची बाजू तशीच भरलेली राहते. मग प्रत्येक कप्प्याला वेगळी विहीर लागते, आणि दाब टिकवायला सोडलेलं पाणीही चुकीच्या कप्प्यात जातं. उलटही होतं. एका बाजूचा दाब खूप उतरवला की फॉल्टवर दोन बाजूंतला फरक वाढतो आणि इतके दिवस घट्ट असलेला लेप फुटतो.

खणताना फॉल्ट लागला की पहिली खूण म्हणजे चिखल गायब होणं. विहिरीत बेंटोनाइटचा जड चिखल सतत फिरवतात. तो खालचा दाब तोलून धरतो. तडकलेला पट्टा लागला की चिखल तडांत पळतो, विहिरीतली पातळी उतरते, तोल जातो आणि खालचा वायू वर उसळतो. २८ जानेवारी १९६९ला कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरासमोर असंच झालं. विहीर हजार मीटरच्या वर खोल, पण समुद्रतळाखाली केसिंग, म्हणजे विहिरीच्या भिंतीला बसवलेली पोलादी नळी, सुमारे ७० मीटरच. नळ्या वर काढताना उसळी आली. विहिरीचं तोंड बंद केलं, तर दाबानं केसिंगखालच्या उघड्या भागातून फॉल्टांच्या आणि तडांच्या वाटेनं समुद्रतळच फोडला. वरचा खडक अशा दाबाला पुरत नाही, म्हणून त्याला पोलादी नळी आणि सिमेंटनं पुरेशा खोलीपर्यंत बांधून घ्यावं लागतं. बोअरला मुरमात केसिंग घालतात त्याच कारणानं, फक्त इथे चूक झाली तर माती ढासळत नाही, समुद्र काळा होतो. त्याच किनाऱ्याजवळ कोल ऑइल पॉइंट इथे निसर्गतःच दिवसाला सुमारे १०० बॅरल तेल फॉल्टांमधून झिरपतं.

मग आपल्याकडे तेल का नाही?

कोयनेचा फॉल्ट आहे, भेगा आहेत, मग तेल का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, आणि तिच्या प्रकल्पात गोठणे इथे २०१७मध्ये ३ किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालं. ते तेलासाठी नव्हतं. भूकंप जिथे होतात तो खडक, त्याचं तापमान, त्यातला ताण मोजायला होतं. वरून सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. दोहोंच्या मध्ये गाळाचा खडक नाही. तेल शिजवणारा शेलच नसेल तर सापळा कितीही चांगला असो, भरायला काही नाही.

बेसाल्टमध्ये तेल राहूच शकत नाही, असं मात्र नाही. गुजरातेत पाद्रा इथे तडकलेल्या बेसाल्टमधूनच तेल निघतं. पण ते शेजारच्या गाळाच्या थरातून तिथे येऊन तडांत साठलेलं आहे.

विहिरीवर किंवा ओढ्याच्या डबक्यात इंद्रधनुषी तवंग दिसला की तेल लागल्याची बातमी गावभर होते. तपासायला एक काडी पुरते. तवंगात काडी फिरवा. काचेसारखे कोनदार तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा आहे. डबक्याच्या काठाला बहुधा तांबूस गाळही दिसेल. काडी काढताच तवंग पुन्हा मिटून एकसंध झाला आणि बोटाला तेलाचा वास आला, तर ते तेल आहे, आणि आपल्या भागात ते मोटारीच्या इंजिनातून, पंपातून किंवा गळक्या टाकीतून आलेलं असणार. अशा वेळी फॉल्ट शोधत बसू नका. चढाच्या बाजूला डिझेल कुठे साठवलंय ते आधी बघा, आणि ती विहीर पिण्यासाठी बंद करा.